एका नंबरावर एक्केचाळीस वाचक

मंडळी, एक सांगा — दुसऱ्याचा भार माणसानं किती वाहावा? खांदा दुखेपर्यंत? की दुखल्यावरही? ऐका!

निंबगावच्या वाचनालयाचे ग्रंथपाल सदानंद पिंगळे. वय अठ्ठावन्न, गुडघे त्याहून म्हातारे! वाचनालयात संगणक आला. आता पुस्तक न्यायचं, तर वाचकाच्या मोबाईलवर ओटीपी येणार. तो सांगितला, तरच पुस्तक हाती! आणि ज्याच्याकडे मोबाईलच नाही, त्यानं? पिंगळ्यांना दया आली. गोदाबाईंचं पुस्तक त्यांनी स्वतःच्या नंबरावर दिलं. मग दुसऱ्याचं, तिसऱ्याचं — असे एक्केचाळीस झाले! दिवसभर खिशात टिंग-टिंग! चष्मा शोधा, आकडे वाचा, पुन्हा जिना चढा. जीव मेटाकुटीला आला हो!

तपासणीला साहेब आले. "पिंगळे, महिन्यात एकशेसाठ पुस्तकं एकटे वाचता? कुस्ती, भरतकाम, बाळंतपणसुद्धा?"

हसता काय! पिंगळ्यांना घाम फुटला होता.

"एक नंबर, एक वाचक. उद्यापर्यंत नंबर लावा, नाहीतर ती नावं कापा."

खरं सांगू? कापावीत, असंच पिंगळ्यांना वाटलं. इतके थकले होते! तरी निघाले दारोदार. कुणाच्या सुनेनं नंबर दिला, कुणाच्या शेजाऱ्यानं. शेवटचं घर गोदाबाईंचं. साठीत प्रौढवर्गात अक्षरं शिकलेली बाई! मुलगा दिलीप अंगणात — दोन हातांत दोन फोन.

"दिलीप, आईच्या नावापुढे तुझा नंबर लावू?"

"काका, ते झंझट नको. आणि आई काय वाचणार? टाइमपास सगळा."

गोदाबाई दारातच होत्या. आत गेल्या, पदरानं पुसत पुस्तक घेऊन आल्या. "घ्या भाऊ. अर्धं राहिलंय, राहू द्या. तुमी लई दमलात. कापा माजं नाव."

पिंगळे मटकन ओट्यावर बसले. पुस्तक काही घेतलं नाही. "पुरं करा वहिनी," एवढंच म्हणाले.

सकाळी साहेबांनी यादी पाहिली. "गोदाबाईंपुढे तुमचा नंबर? मग तुमचं खातं?"

"बंद करा साहेब. माझं वाचून झालंय बरंच."

दुखणाऱ्या खांद्यानं असं उत्तर दिलं, मंडळी! वाजवा टाळ्या! दिलीपला नावं ठेवू नका. आधी सांगा — आईला काय वाचायला आवडतं, हे इथं कोणाकोणाला ठाऊक आहे? करा हात वर!

...का? एकही हात वर नाही? आत्ता टाळ्या वाजवताना तर सगळ्यांचे हात वर होते!