तीस सेकंदांची रेघ

उल्का : आप्पा, माझ्याकडं पाठ करून बसा. हातातलं घड्याळ दिसायला नको तुम्हाला.

सर्जेराव : पोटची पोर म्हनती, बापानं पाठ फिरवून बसावं. ह्येच शिकवत्यात व्हय कॉलेजात?

उल्का : सरांचा नियम आहे. प्रयुज्यानं घड्याळ बघायचं नाही.

सर्जेराव : प्रयु... काय म्हनलीस?

उल्का : प्रयुज्य. ज्याच्यावर प्रयोग करायचा तो. परवा मानसशास्त्राचं जर्नल द्यायचंय. आईला भाकरी थापायच्यात, मग तुम्हीच उरलात.

सर्जेराव : उंदीर घावला न्हाय म्हनून बाप. बरं, काय करायचं?

उल्का : मी एक शब्द म्हणते. तो ऐकून मनात पहिला जो शब्द येईल तो लगेच बोलायचा. चूक-बरोबर काही नाही. तीस सेकंदात उत्तर आलं नाही, तर मी रेघ मारून पुढं जाते.

सर्जेराव : आन् ह्ये करून नोकरी कुठली लागती?

उल्का : एम.ए. झाल्यावर ना? शाळेत मुलांशी बोलायला ठेवतात. कंपनीत माणसं निवडायला घेतात. लष्करात अधिकारी निवडतानाही मानसशास्त्रवाले बसतात.

सर्जेराव : त्यातलं तुला काय करायचंय?

उल्का : यातलं काहीच नाही. इस्पितळात काम करायचंय.

सर्जेराव : येड्यांच्या. त्येच म्हनतोय मी. गुमान बी.एड. कर, मुंढव्याच्या शाळेत जागा निघनार हाय. तुझ्या एम.ए.च्या अर्जावर मी सही करनार न्हाय, एकदा सांगून झालंय.

उल्का : माहीत आहे. उद्या शेवटची तारीख आहे, तेही माहीत आहे. सुरू करू? पाणी.

सर्जेराव : मोटर.

उल्का : बाजार.

सर्जेराव : कोथमीर.

उल्का : शाळा.

सर्जेराव : बी.एड.

उल्का : आप्पा!

सर्जेराव : पयला शब्द आला त्यो सांगितला. चूक-बरोबर काय नसतंय म्हनलीस.

उल्का : ...भाऊ.

(घड्याळाची टिकटिक तेवढी ऐकू येते.)

उल्का : रेघ मारली. आता पुढचा शब्द—

सर्जेराव : थांब. कागद बघू.

उल्का : प्रयुज्याला कागद दाखवत नाहीत.

सर्जेराव : बापाला दाखवत्यात. आन इकडं... समदे शब्द छापल्यालं हायत. ह्यो एकच निळ्या पेनानं लिवलाय. सरांनी लिवला?

उल्का : नाही. मी. यादीत आपल्या मनाचा शब्द घालायचा नसतो. चुकलं माझं. हा प्रयोग आता फुकट गेला.

सर्जेराव : मग घातलास कशाला?

उल्का : कारण या घरात बजरंगकाकाचं नाव कुणी काढत नाही! सोळा वर्षं झाली तुम्ही त्याला इस्पितळात ठेवून. सणावाराला तरी भेटायला जाता? मी विचारलं की आई डोळ्याला पदर लावते आणि तुम्ही मोटर बघायला निघता. तो तुमच्या मनात आहे की नाही, एवढं मला कळायला हवं होतं.

सर्जेराव : कळलं मग?

उल्का : नुसत्या रेघेवरून काय कळणार?

सर्जेराव : रेघ चुकीची हाय. शब्द लगीच आला व्हता. तोंडातनं भाईर पडंना.

उल्का : कुठला?

सर्जेराव : कुलूप.

उल्का : म्हणजे?

सर्जेराव : इस्पितळात न्यायच्या आदी दोन वर्सं गोठ्यामागल्या खोलीत ठेवला व्हता त्येला. तू लय ल्हान व्हतीस. कुलूप मीच लावायचो. ताट घिऊन गेलो की म्हनायचा, "दादा, आज उघडं ठिव. मी कुठं जात न्हाय." बाकी काय मागायचा न्हाय.

उल्का : आणि तुम्ही?

सर्जेराव : लावायचो. भ्या वाटायचं. कुनाला इचारावं, त्ये बी ठावं नव्हतं. तुझ्यासारकं कुनी शिकल्यालं भेटलं असतं तवा... आता कुठल्या तोंडानं जाऊ त्याच्याफुडं?

उल्का : आप्पा, हे जर्नलात जाणार नाही. मी दुसरं कुणीतरी बघते.

सर्जेराव : का? लिव की. माझ्या नावानिशी लिव.

उल्का : तिथं नाव लिहीतच नाहीत. 'पुरुष, वय बावन्न', एवढंच.

सर्जेराव : मग त्यो एम.ए.चा कागद आन. तितं तरी बापाचं नाव लागत आसंल.