मिरच्यांचा ठसका

मिरच्यांनी माझा जीव वाचवला म्हटलं तर तुम्ही हसाल. पण ऐका तर.

रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं. तात्यापारा या मराठी वस्तीतल्या आमच्या घरी सकाळी पोळ्या लाटता लाटता सगळं हळूहळू लांब जाऊ लागलं. आवाज पाण्याखालून आल्यासारखे. छातीत काहीच दुखत नव्हतं. जबडा ठणकत होता, पाठ भरून आली होती, अंगाला थंड घाम. झोपेत तरंगल्यासारखं वाटत होतं.

सासूबाई म्हणाल्या, "काहून वं, अशी पांढरी पडली?"

"थकली मी. मळमळून राहिलं."

"नजर लागली तुले. काल हळदीकुंकवाले ती हिरवी साडी नेसली होती न."

त्यांनी मीठ-मिरच्या माझ्यावरून उतरवून शेगडीत टाकल्या. नजर असली की मिरच्यांचा ठसका लागत नाही, असं आमच्याकडे मानतात. मी डोळे मिटून वाट पाहत राहिले. मग दूर कुठेतरी सासूबाई खोकल्या. मग मी. मग शेजारचेही खोकू लागले.

सासूबाईंचा चेहरा उतरला. "नजर नाही ही," म्हणाल्या, अन् पदर खोचून रिक्षा बोलवायला धावल्या.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "हार्ट अटॅक है. औरतों को कई बार ऐसे ही आता है. माताजी, अगली बार सीधे यहीं लाना."

"हव," सासूबाई म्हणाल्या.

पुढच्याच वर्षी शेजारीणबाईंचा जबडा दुखू लागला, घाम फुटला. सासूबाईंनी शब्द पाळला. आधी त्यांना रिक्षात बसवलं, अन् दृष्ट चालत्या रिक्षात काढली.