शेतकऱ्याला किती कसबं?

आमच्या वहीतल्या खेळाचं तुम्हाला कधी सांगितलंच नाही! नव्वदच्या आसपास धुळ्याच्या होस्टेलवर आम्ही पाच जणांनी अख्खा खेळ स्वतः रचला होता. योद्धा, मांत्रिक, चोर, शेतकरी अशी पात्रं, सापशिडीचा फासा आणि सोनगीरच्या किल्ल्यावर एक राक्षस! वाद एकच होता, कुठल्या पात्राला किती कसबं द्यायची? दोन दिवस नुसती हमरीतुमरी. शेवटी योद्ध्याला चार, मांत्रिकाला पाच, चोराला सहा ठरली.

“शेतकऱ्याला एक पुरे,” मी म्हणालो.

नेमके तेव्हाच आमच्या पाचांतल्या सुभाषचे वडील, नाना, धरणगावहून भरीत-भाकरी घेऊन आलेले. ते खाटेवरून ताडकन उठले. “एकच? पानी कव्हय येई, कोन वळखस? सांप कोन धरस? मारका बैल कोन वठनीवर आनस? लिख!”

मी लिहीत सुटलो: पाऊस कधी येईल ते ओळखणे, साप धरणे, मारका बैल वठणीवर आणणे. अकरा झाली तरी नाना थांबेनात! मग काय, आम्ही चौघांनी आपापली पात्रं खोडली आणि चौघंही शेतकरी झालो. खेळ चालवायला सुभाष.

“राक्षस अंगावर आला!” सुभाष ओरडला. “तलवार कुणाकडे आहे?”

तलवार कुणाकडेच नव्हती. मी वहीत पाहिलं, “मारका बैल वठणीवर आणणे” म्हणत फासा टाकला. सहा पडले! राक्षस मान खाली घालून उभा. आम्ही खाटेवर नाचायला लागलो.

नाना मात्र गंभीर. म्हणाले, “त्याले मारू नका रे. घरनी जोडीले एक बैल कमी शे.”