आमच्या हॉलमधून जाणारा जुना हमरस्ता

...आणि वर मलाच म्हणतात, खिडकीशी बस! अहो, कुठली खिडकी? मी सोफ्यावर बसलोय, माझ्या स्वतःच्या घरातल्या, समोर टीव्ही, मागे भिंत, भिंतीवर घड्याळ, पण नाही. पुढे आरामखुर्चीत आमचे वडील, पायाखाली क्लच म्हणून उशी, हातात स्टिअरिंग म्हणून बादलीचं झाकण, आणि आरशात बघावं तसं वर बघून मला म्हणतात, "ए, तू खिडकीशी बस. लोकांच्या अंगावर ओकशील." चारचौघांत! चारचौघं म्हणजे कोण, तर मी, माझी बायको आणि बाकीचे... त्या बाकीच्यांचं सांगतो नंतर. आधी माझं दुखणं ऐका. खुर्ची जागची हलत नाही, आणि मला गाडी लागते!

लहानपणापासून लागते. वडील जन्मभर जुन्या हमरस्त्यावर बस चालवायचे, आणि मी एकुलता एक मुलगा, तर मला इंजिनचा वास आला की पोटात ढवळतं. शिंप्याच्या पोराला सुई बघून चक्कर यावी, तसलं. बाबांनी मला एकदाच बरोबर नेलं होतं, पहिल्या थांब्यावर उतरवून परत पाठवलं, आणि पुढे पुष्कळ दिवस डेपोत विषय तोच. म्हणून मी काय केलं, चालत जाता येईल इतक्या अंतरावर चष्म्याच्या दुकानात नोकरी धरली, चालत जाता येईल इतक्या अंतरावर सासुरवाडी केली, आणि म्हटलं, सुटलो. सुटलो कसला! बाबांना विसरायला व्हायला लागलं, आधी वस्तू विसरले, मग माणसं, मग आपण निवृत्त झालो हेच विसरले, आणि एक दिवस जेवण झाल्यावर खुर्चीत बसून घशातून जो काही घरघराट काढला... इंजिन सुरू! मी म्हटलं, थांबवू या. बायको म्हणाली, कशाला, रमतात की. आणि ही बया चमचा घेऊन स्टीलच्या पेल्यावर टिंग टिंग करून डबल बेल देते! त्या दिवसापासून ती कंडक्टर. एरवी 'सूनबाई', पण ड्युटीवर 'मास्तर'. मला बढती नाही. मी आपला पॅसेंजर, तोही ओकणारा.

रोज दुपारी. काल जिथे थांबलो तिथून आज पुढे. आणि नुसतं चालवत नाहीत हो, माहिती देतात! तुम्ही तो रस्ता बघितला नसेल, आता नवा आठपदरी झाल्यापासून जुन्यावर बकऱ्या झोपतात. तर बाबांचं म्हणणं, तो मुळात गाढवांचा रस्ता. समुद्राकडचं मीठ घेऊन गाढवं वर चढायची, दमली तिथे थांबायची, सावली दिसली तिकडे वळायची. मग कुणा राजाला शेजारच्या राजावर तोफा न्यायच्या होत्या, त्याने तीच वाट रुंद केली. मग टोपीवाले साहेब आले, त्यांनी दुर्बिणी लावल्या, साखळ्या टाकल्या, नकाशे काढले, आणि एवढा कुटाणा करून रस्ता नेला कुठून? तर गाढवांच्या मागून! घाटात एक वळण आहे, उगाचच आहे, तिथे ना दरी ना खडक. बाबा म्हणाले, इथे एक गाढव मरून पडलं होतं, म्हणून मागची वळसा घालून गेली. आता मला सांगा, एक मेलेलं गाढव... त्याला वळसा म्हणून तोफा वळल्या, रोलर वळला, डांबर वळलं, बाबांची बस जन्मभर वळली, आणि आज माझ्या हॉलमध्ये मी त्या गाढवापायी उजवीकडे कलंडतोय! बायकोही कलंडते, पण ती हसत कलंडते. मला गाडी लागते.

बरं, इथपर्यंत ठीक होतं. घाट उतरला आणि बाबा म्हणाले, "खिडक्या लावून घ्या." घाटाखाली पूर्वी एक गाव होतं, धरण झालं आणि गाव पाण्यात गेलं, बरोबर रस्त्याचा तुकडाही गेला. सरकारने वरून वळवून नवा बांधला. पण बाबा वळलेच नाहीत. सरळ गेले. पाण्यात... तुम्हाला सांगतो, हॉल एकदम गप्प झाला. पंखा फिरतोय पण पंख्याचा आवाज नाही, खालच्या मजल्यावर रोज मिक्सर चालतो तो नाही, माझ्या कानांत दडे बसले. आणि तळाशी जाऊन बाबांनी ब्रेक मारला. "मास्तर, दार उघडा. माणसं आहेत." बायको उठली, हवेतच कडी काढली, आणि अंग चोरून बाजूला झाली. म्हणजे कुणाला आत यायला वाट देतो ना आपण, तशी. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. मी विचारलं, हे काय चाललंय? तर मलाच म्हणते, "सरका ना जरा. त्या बाईंच्या कडेवर मूल आहे." मी सरकलो. का सरकलो ते विचारू नका. संध्याकाळी फरशी ओली होती. बायको म्हणाली, कुंडीतलं पाणी सांडलं असेल. आमच्या घरात कुंडी नाही.

दुसऱ्या दिवशी दोन विहिरींचा थांबा आला. ते माझ्या आईचं माहेर. आई जाऊन बरीच वर्षं झाली. बाबा तिच्याशी घरात कधी गोड बोलले नाहीत, त्यांचा गोडवा सगळा गिअरबॉक्सवर खर्च व्हायचा. पण त्या दुपारी मान वळवून, इतक्या हळू आवाजात, की मुलाने ऐकू नये, म्हणाले, "पुढे बस गं. तिथे धक्के कमी लागतात." आणि माझ्या शेजारची सोफ्याची गादी दबली. मी भिंतीकडे तोंड केलं. सगळे समजले असतील, याला गाडी लागली. समजू देत.

त्याच आठवड्यात बाबांचा जुना कंडक्टर भेटायला आला, डेपोत त्याला सगळे शिट्टी म्हणायचे. त्याने थोडा वेळ प्रवास केला, स्वयंपाकघरात आला आणि म्हणाला, "ही त्याची शेवटची ड्युटी आहे." बाबांच्या नोकरीच्या शेवटच्या दिवशीच नवा रस्ता उघडला होता. पोलिसांनी जुन्यावर पिंपं आडवी लावली आणि बाबांची बस मधूनच नव्या रस्त्याला काढून दिली. जुन्यावरची ती फेरी अर्धीच राहिली, आणि आता हा माणूस ती पुरी करतोय. मी म्हटलं, मग? पुरी झाली की? शिट्टी म्हणाला, "मग काय. फेरी संपली की ड्रायव्हर निघून जातो." आणि आमचे डॉक्टर दर वेळी छातीला नळी लावून काय म्हणायचे? यांच्यात काही उरलेलं नाही, जीव कशात तरी अडकलाय. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं. ठरलं. ही फेरी संपू द्यायची नाही.

मग काय विचारता! आज टायर पंक्चर. उद्या कुणीतरी लघवीला उतरलंय, अजून आलं नाही. परवा रस्त्यात मेंढ्या. मेंढ्या कोण? मी! दुकानातला सगळ्यात जुना माणूस, लोकांच्या डोळ्यांचे नंबर सांगणारा, अर्धी रजा टाकून भर दुपारी हॉलमध्ये बें बें करतोय, वरच्या मजल्यावरचे येऊन बघून गेले. आणि शेवटच्या थांब्याआधी होतं रेल्वेचं फाटक. दोन खुर्च्यांवर कपडे वाळत घालायची काठी आडवी टाकली. फाटक बंद! आगगाडी काही येईना, आम्ही येऊच देईना. बाबा बिचारे इंजिन बंद करून बसायचे, रोज थोडे बारीक दिसायचे, पण असायचे. नुसते उभे होतो आम्ही फाटकापाशी, तरी मला गाडी लागायची. मागून कुणीतरी सुस्कारा सोडायचं. ते मूल किरकिर करायचं. मी मागे बघत नव्हतो.

आणि एका दुपारी बाबांनी वर आरशात नाही, सरळ माझ्याकडे बघितलं. किती तरी महिन्यांनी त्यांनी मला घरच्या नावाने हाक मारली.

"किती वेळ धरशील रे फाटक?"

मी म्हटलं, "गाडी यायचीय, बाबा."

"मला घाई नाही. तू म्हणशील तितका बसेन. पण मागे माणसं आहेत. त्यांना घरी जायचंय."

मला वडील हवे होते हो. जन्मभर ते रस्त्यावर, मी जमिनीवर. आत्ता कुठे रोज दुपारी मिळायला लागले होते, बसमध्ये का होईना. पण मागे ती माणसं, त्यांत माझी आई, आणि मी काठी टाकून सगळ्यांना उन्हात खोळंबून ठेवलेलं. मी उठलो आणि काठी काढली. बायको स्वयंपाकघराच्या दारात रडत होती, तिने रडत रडत डबल बेल दिली. बाबांनी इतकी सुरेख गाडी आणली, तुम्हाला सांगतो, पेल्यातलं पाणी हललं नाही. त्या दिवशी मला गाडी लागली नाही. "शेवटचा थांबा," बाबा म्हणाले, "उतरून घ्या, सामान विसरू नका." हॅंडब्रेक ओढला, झाकण मांडीवर ठेवलं आणि डोळे मिटले. ते उघडले नाहीत.

लोक आले, भेटले, गेले. आम्हाला वाटलं, संपलं. पण आमच्या डोक्यात एक गोष्ट आलीच नव्हती. शेवटचा थांबा होता कुठे? आमच्या हॉलमध्ये! खुर्ची तिथून हलली होती कधी? सगळे उतरले ते आमच्याकडे! आता बाथरूमबाहेर थांबावं लागतं, आत कुणी नसतं. टीव्हीच्या काचेवर लहान बोटं उमटतात. आईने स्वयंपाकघरातले डबे आपल्या पद्धतीने लावलेत, बायको पुन्हा आपल्या पद्धतीने लावते, रोज चाललंय. बाबा गॅलरीच्या दारात उभे असतात, पाय मोकळे करत. आणि बाकीचे माझ्यामागे लागलेत. त्यांची घरं म्हणे इथून अजून पुढे आहेत. पुढची गाडी कधी आहे? बाबा म्हणतात, मला विचारू नका, माझी ड्युटी संपली. मग सगळे माझ्याकडे बघतात. मी परवा हात जोडून सांगितलं, अहो, मला गाडी चालवता येत नाही, लायसन्स नाही. तर ती कडेवर मूल असलेली बाई किती समजूतदारपणे म्हणाली, "घाई नाही हो. तुमचं इथलं काय काय आवरायचं असेल ते आवरून घ्या सावकाश. आम्ही बसलोय."

आणि तेव्हापासून आमची ही रोज माझ्या डोक्याशी, तो माळा एकदाचा आवरून टाका, उकिरडा झालाय त्या माळ्याचा... माळा आवरला की माझं इथलं सगळंच आवरलं, मग गाडी मलाच काढावी लागणार! आता तुम्हीच सांगा, आवरू कसा?