गुंडातल्या सतरा गोळ्या

आता तुम्हीच सांगा, माणसानं भरोसा ठेवावा कोणावर? भंडाऱ्याच्या डॉक्टरीणबाईवर, टपरीवरच्या तुलारामवर, का आपल्या डोक्यावर? मी डोक्यावर ठेवला... अन् डोकंच तर बिघडलं होतं माझं.

तुम्हाले सांगतो, लाखनीत पितळी भांड्यांचं दुकान माझं, तीस वर्षं झाली, पाण्याच्या गुंडाले टिचकी मारून सांगतो पत्रा जाड का पातळ, पण बायको गेली, धुरपता, अन् मले शटर उचलावंसं वाटेना, भात गोड लागेना, गिऱ्हाईक बोलून राहिलं अन् मी भिंतीकडे पाहून राहिलो. सून खुशबूनं भंडाऱ्याले डॉक्टरीणबाईकडे धरून नेलं. बाई म्हणे, "धनीरामजी, हे डिप्रेशन आहे. रोज एक गोळी. फरक पडाले काही आठवडे लागतीन. मनानं बंद नाही करायची." तुलाराम म्हणे, "सेठ, कायले घेता, पागलाची गोळी आहे ते." त्याचं नाही ऐकलं. घेतली.

महिनाभरानं काय झालं... लाखांदूरची एक बाई भाव करता करता म्हणे, "इतक्या पैशात तर सेठ, पाणी भराले तुम्हीच चला संग." अन् मी हसलो. हसलो अन् लगेच तोंडावर हात ठेवला. धुरपताले जाऊन आठ महिने नाही झाले अन् मी हसून राहिलो? मले वाटलं, हे गोळी तिले पुसून टाकते. दुसऱ्या दिवशी खुशबू पाण्याचा गिलास घेऊन उभी, "मामाजी, गोळी घेतली?" घेतली, म्हणलो. गालात दाबली, दुकानात आलो, वरच्या फळीवरच्या गुंडात टाकली. रोज तेच. घेतली? घेतली, म्हणलो.

मग चक्कर काय, डोक्यात करंट लागल्यावाणी झटके काय, चिल्लर देता देता रडू काय... एका दुपारी तलावाच्या पाळीवर जाऊन बसलो, काय विचार करत होतो ते घरी नाही सांगितलं. पुढच्या खेपेले डॉक्टरीणबाईनं विचारलं, "गोळी रोज घेता ना?" घेतली, म्हणलो. "मग मात्रा वाढवावी लागते." पाहा, माझ्या खोट्यावर चिठ्ठी लिहिली बिचारीनं.

मोठी गोळी सुरू करणार त्याच सकाळी आंधळगावचा हिरालाल गुंड घेऊन दारात. आदल्या दिवशी मी दुकानात नसताना खुशबूनंच विकला होता त्याले, पोरीच्या लग्नासाठी. म्हणे, "सेठ, भांड्यासंग दवाई फुकट देता काय? नातीच्या मुठीत होती एक." खुशबूनं मोजल्या. सतरा. शटर खाली ओढलं अन् मले भंडाऱ्याच्या बशीत बसवलं.

बाईपुढं सगळं ओकलो, पाळीवरचंही. बाई म्हणे, "बरं झालं मोठी घेतली नाही. ते चक्कर अन् झटके गोळी एकदम सोडल्याचे होते. राहिलेल्या एकदम गिळायच्या नाही. परत लहानपासून सुरू करू, बंद करायची तेव्हा मीच हळूहळू कमी करीन. अन् तसे विचार आले का लगेच फोन, एकटं बसायचं नाही." मी विचारलं, "बाई, या गोळीनं धुरपता जाईन काय हो?" बाई चष्मा पुसत म्हणे, "तशी गोळी अजून निघाली नाही."

आता घेतो. खुशबू तोंड उघडाले लावून पाहते, पासष्ट वर्षांच्या माणसाचं. हसू येते कधी, रडू तर येतेच. तुमच्यात कोणी घेत असान, तर डॉक्टर चिठ्ठी आपल्या बोलण्यावरूनच लिहिते, एवढं ध्यानात ठेवा... अन् हिशेब खरा द्या बापा. चुकलेल्या गोळीचाही, अन् पाळीवरच्या दुपारचाही.