विचारून घेतलेली लेक

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष आणि आमच्या विहाराचे ज्येष्ठ, आदरणीय रामराव मामा. बिदरहून वेळात वेळ काढून आलेल्या, बाल कल्याण समितीच्या माजी सदस्या माननीय गुरुबाई अक्का. आजच्या सत्कारमूर्ती, ॲडव्होकेट विजयश्री मॅडम. महिला मंडळाच्या माझ्या मैत्रिणींनो, आणि जेवणाच्या वासानं सारखं मागं वळून बघणाऱ्या हुलसूरकर बंधूंनो, सगळ्यांना जयभीम. गुरुबाई अक्कांना त्यांच्या रीतीनं शरणु.

अध्यक्ष माझे सासरे आहेत, म्हणून मी जपून बोलणार आहे. ते जपणं कुठवर टिकतं, ते तुम्हाला पुढं दिसेलच.

विजयश्री मॅडम आता कलबुर्गीला चालल्या. आमच्या तोंडात अजून गुलबर्गाच बसलंय. तिथंही त्या हेच काम करणार, लेकरांच्या बाबतीत सरकारी चौकशी लागलेल्या घरांना मोफत वकिली मदत द्यायची. खरं सांगू का? मोफत वकील म्हटल्यावर मला वाटलं होतं, वकीलही तसलाच मिळणार. उभं राहायचं, तारीख घ्यायची, निघून जायचं. मॅडम, हे मी आज पहिल्यांदा कबूल करतेय, तेही तुम्ही निघाल्यावर.

आमची उत्पला ती बघा, तिसऱ्या रांगेत बसलीय, एका पायातली चप्पल कुठंतरी हरवून. ती माझ्या पोटची नाही, हे इथं सगळ्यांना ठाऊक आहे आणि तिलाही. माझी धाकटी जाऊ मंगल आणि बुद्धरत्न भावजी यांची ती तिसरी मुलगी. मला मूल नव्हतं. घरातल्या मोठ्यांनी ठरवलं, आणि याच हॉलमध्ये वंदना झाल्यावर तान्ही उत्पला माझ्या ओटीत घातली. खीर वाटली, अर्ध्या गावानं खाल्ली. कागद मात्र कुणी केला नाही. घरातल्या घरात कसला कागद? या चुलीवरचं दूध त्या चुलीवर नेताना कुणी पावती फाडतं का?

पुढं आम्ही बिदरजवळच्या कोळारला खोली केली, कारण सुगतचं काम तिथल्या कारखान्यात. नवऱ्याचं नाव घेतलं, मामा, माफ करा. उत्पला तीन वर्षांची झाली आणि तिला तापात झटका आला. बिदरच्या एका दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, बाळंतपणात काही अडचण आली होती का? मी घाबरलेली, बोलून गेले, मला काय माहीत, मी कुठं बाळंत झाले?

झालं. जन्मदाखल्यावर आईचं नाव मंगलचं, कडेवर घेऊन उभी मी. त्यांनी लेकरांच्या हेल्पलाइनला फोन लावला. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पळवून आणलेली लेकरंही अशीच कुणाच्या तरी कडेवर असतात. पण ताप उतरला तरी उत्पला घरी आली नाही, शिशुगृहात गेली. चौकशी पुरी होईपर्यंत तिथंच राहील, असं समितीनं सांगितलं. गुरुबाई अक्का, त्या दिवशी मनातल्या मनात मी तुम्हाला जे जे बोलले, ते या व्यासपीठावरून सांगण्यासारखं नाही. तुम्ही हसताय, म्हणजे अंदाज असणार.

तेव्हा मॅडम भेटल्या. मला वाटलं, आता कागद मागतील आणि आपलं हसं होईल. त्यांनी विचारलं, ओटीत घातली तेव्हा कोण कोण हजर होतं? मग समजावलं की दत्तक घेण्याच्या आपल्या कायद्यात कागदाआधी देणं-घेणं मोजतात. आईबापानं खरंच दिलं आणि दुसऱ्यानं खरंच घेतलं, हे दाखवता आलं पाहिजे. बौद्धांनाही तोच कायदा लागू आहे. त्या स्वतः हुलसूरला आल्या, या हॉलमध्ये सतरंजीवर बसल्या आणि एकेकाला बोलतं केलं. लोकांना आधी काय आठवावं? खीर! चंद्रभागाबाईंनी साखर कमी टाकली होती, हे सगळ्यांना बिनचूक आठवलं. चंद्रभागाबाई, रागावू नका. तुमच्या अगोड खिरीमुळंच एवढ्या लोकांची साक्ष जुळली.

आता जे सांगते, त्यासाठी खरं तर मी उभी राहिले.

समितीपुढं जायच्या आधी आम्ही बाहेर बाकड्यावर बसलो होतो. मॅडम मंगलपुढं बसल्या आणि माझ्यादेखत तिला म्हणाल्या, “मंगल, दाखल्यावर आई तू आहेस. माझी लेक मला द्या म्हणालीस, तर ती तुझ्याकडं येईल. या ज्योत्स्नाकडं राहू दे म्हणालीस, तर मी तसं मांडीन. तुझ्या मनात असंल ते सांग. कुणी तुला बोललं तर मी हाय.”

लेक परत मिळावी म्हणून वकील धरायचा, आणि त्यानंच लेक घालवायची वाट दाखवायची? मी भडकले. म्हटलं, “मॅडम, तुम्ही माझ्या वकील हायसा का तिच्या?”

त्या शांतपणे म्हणाल्या, “मी लेकराची हाय.”

आत गेलो. गुरुबाई अक्कांनी कन्नडमध्ये विचारलं, मग मॅडमनी तेच मराठीत विचारलं. मंगलला कन्नड चांगलं कळतं, तरी ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. एका शब्दावर माझी लेक होती आणि तो शब्द तिच्या तोंडात होता. मी तिच्याकडं बघूसुद्धा शकत नव्हते.

मग मंगल बोलली. “तवा मला कुणीच इचारलं न्हवतं. तिसरी बी पोरगीच म्हणून मोठ्यांनी ठरवलं, मी मान हलवली. लई रडले, पर न्हाणीत. आज तुम्ही इचारलंसा म्हणून सांगते. पोरगी ज्योत्स्नाअक्काची हाय. आज मी देते.”

मामा, तुम्ही खाली बघू नका. ती चूक तुमच्या एकट्याची नव्हती. आम्ही सगळ्यांनी खीर खाल्ली, पण जिनं दिलं तिला विचारायचं आमच्या ध्यानातच आलं नाही. ते वकिलाला सुचावं लागलं, आणि तेही मोफतच्या.

घराची पाहणी झाली, चौकशी पुरी झाली आणि उत्पला सुटली. गुरुबाई अक्कांनी तिला आधी मंगलच्या मांडीवर बसवलं. मंगलनं तिचे केस सारखे केले, आणि मंगलच्याच हातानं ती माझ्या मांडीवर आली. त्या दिवशी गुरुबाई अक्कांवरचा माझा सगळा राग गेला. दत्तकपत्राची नोंदणी मॅडमनी पाठीस लागून करून घेतली. आता या हॉलमध्ये कुणी लेकरू दिलं-घेतलं, तर आधी आईला एकटीला बसवून विचारतात, मग कागद होतो, आणि खीर सगळ्यांत शेवटी. हा रिवाज मॅडमनी लावला. गरज सरो वैद्य मरो म्हणणारी माणसं आम्ही नाही. मॅडम, हुलसूरचं हे घर तुमचं आहे. गुलबर्ग्याच्या लेकरांना तुम्ही मिळताय, याचा आनंद आहे. आम्हाला वाईट वाटतंय, तेही खरंच आहे.

अध्यक्षांचे, पाहुण्यांचे आणि सकाळपासून चुलीपाशी असलेल्या बायकांचे मंडळातर्फे मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कुणाला मान द्यायचा राहिला असेल, नको ते बोलून गेले असेन, तर वडीलधाऱ्यांनी ते पदरात घ्यावं.

एकच राहिलं. पत्रिकेत मॅडमना शाल माझ्या हस्ते लिहिलीय. ती मंगलच्या हातून जावी असं मला फार वाटतं. पण हे मी परस्पर ठरवलेलं नाही. मंगल, येशील का? नको वाटत असंल तर बसून राहा, कुणी काही म्हणणार न्हाई.

घाई न्हाई. आम्ही थांबतो.