निघायच्या दिवशी धुणं

लग्न होऊन इंग्लंडमधल्या हल बंदरात आलेली विनी माशांच्या दुकानापुढे रांगेत उभी होती. नवरा सकाळीच मासेमारीच्या ट्रॉलरवर गेलेला. पुढे दोघी बोलत होत्या.

“अठ्ठावीस वर्षं आइसलँडच्या वादळांत टिकली ती वाफेची बोट. बुडाली कुठे? आपल्याच गोदीत!”

“कशी गं?”

“निघताना कुणीतरी डुकराचं नाव घेतलं. अपशकुन! कप्तान घाबरून मागे वळला आणि धक्क्यावर आपटला.”

“तुझे हे होते ना तिच्यावर?”

“पोहत आले. आज दुसऱ्या बोटीवर गेलेसुद्धा.”

“त्याच चिखलाच्या कपड्यांत?”

“मग! नवरा निघायच्या दिवशी धुणं केलं, तर लाट त्यालाच धुऊन नेते, बये!”

विनी रांग सोडून धावली. परसातल्या दोरीवरचे नवऱ्याचे पांढरेशुभ्र सदरे ओढून तिने कोळशात मनसोक्त लोळवले.